सरव्याचे शब्द

जावातल्या आमच्या बान्यूलेगी गावात कापणीला विळे आले ते नव्या बुटक्या जातीच्या भाताच्या तिसऱ्या हंगामात. त्याआधी आमच्याकडे भात विळ्यानं कापत नसत. बायका अनी-अनीनं कापत. बोटभर लांबीची पात लाकडाच्या तुकड्यात बसवलेली असे, आणि ती तळहातात अशी धरायची की बाहेरून मूठ रिकामीच दिसावी. भातात श्री देवी राहते, तिला पातं दिसलं तर ती घाबरून शेत सोडून जाते, असं आम्ही मानत होतो. मधल्या दोन बोटांनी ताट ओढायचं, पातीवर टेकवायचं, की एक लोंबी हातात येई. मग दुसरी. दिवसभर असंच. आईच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यामुळे कायमची आत वळलेली होती. घास उचलताना तिला अंगठ्याचा आधार घ्यावा लागे.

आदल्या वर्षी तुडतुड्यांनी सगळं शिवार पिवळं करून टाकलं होतं. आम्ही वर्षभर वाळवलेल्या कसाव्याच्या कंदाचं पीठ वाफवून खाल्लं होतं. या वर्षी भात उभं राहिलं तेव्हा बायकांनी पाती घासून ठेवल्या. पण पाक लुरानं, म्हणजे आमच्या गावच्या मुखियानं, पाटाखालचं आपलं सगळं भात शेतात उभं असतानाच शहरातल्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. गावातल्या निम्म्या बायका त्याच शेतांवर कापणी करत आणि कापलेल्यातला वाटा घरी आणत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्या आज्या-पणज्यांपासून तसं चाललं होतं, एवढंच.

आमच्या घरात आम्ही तिघीच. आई, तिची धाकटी बहीण लेगिया मावशी आणि मी. मी पंधरा वर्षांची होते, माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात. कापणी सुरू झाली त्या सकाळी मी त्या दोघींच्या मागून गेले ती वही घेऊन, कारण शाळेत नवा शब्द न्यायचा होता.

शेतावर पोचलो तर बांधाला आधीच परकी माणसं बसलेली. सगळ्यांच्या डोक्यावर निळा रंग फासलेल्या बांबूच्या टोप्या, हातात विळे. व्यापाऱ्याचा मुकादम पुढे आला. निळी टोपी असेल त्यानंच शेतात उतरायचं, असं त्यानं सांगितलं. आईला वाटलं, टोप्या वाटायच्या असतील. तिनं हात पुढे केला. त्यानं तिची मूठ उघडली, आतली पात दोन बोटांत धरून आपल्या माणसांना दाखवली आणि विचारलं, "ह्यानं काय करता बाई? कान कोरता?"

माणसं हसली. आईनं हात तसाच पुढे ठेवला, पात परत मिळेपर्यंत. लेगिया मावशीला मात्र गप्प बसवलं नाही. "टोपी घालून भात कापता," ती म्हणाली, "म्हणजे खाताना जोडे घालत असाल."

त्यावर तर ती माणसं जास्तच हसली. पलीकडच्या बांधावर पाक लुरा छत्री घेऊन उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

आम्ही पाटाच्या कडेला दुपारपर्यंत बसून राहिलो. विळेवाले गेल्यावर बायका शेतात उतरल्या आणि खाली पडलेलं वेचायला लागल्या. विळा बुंध्यापासून कापतो, लोंब्या मागे राहत नाहीत. चिखलात सुटे दाणे मिळतात. एकेक दाणा नखानं उकरून काढायचा आणि लुगड्याच्या ओच्यात टाकायचा. संध्याकाळी आईच्या नखांखाली रक्त आलं होतं. ओच्यातलं धुतल्यावर जे उरलं ते एका सुपाच्या कोपऱ्यात मावलं.

मी वहीत शब्द लिहिला : सरवा.

आमची शाळा म्हणजे विणलेल्या बांबूच्या भिंती आणि वर कौलं. बाईंना आम्ही बू म्हणायचो, पुरुषांना पाक. बू रत्मी आम्हाला भाषा शिकवत, म्हणजे इंडोनेशियन. घरी आम्ही सगळे जावानीज बोलायचो, आणि पुस्तकातले निम्मे शब्द आम्हाला परके होते. बू रत्मी तिशीच्या, काटकुळ्या, सायकलवर बसताना गुंडाळलेलं कापड गुडघ्यापाशी दोरीनं बांधणाऱ्या. शाळेत शब्दकोश एकच होता आणि त्याचा मागचा अर्धा भाग वाळवीनं खाल्ला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी तो उघडून दाखवला. पानांच्या जागी माती होती.

"उरलेला अर्धा तुमच्या घरी आहे," त्या म्हणाल्या. "रोज एकेक शब्द आणा."

नुसता शब्द आणून भागत नसे. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न. हा शब्द कोण बोलतं? हातात काय असताना बोलतं? आणि कोणासमोर बोलत नाही? मग वर्गानं मिळून त्याला पुस्तकातल्या भाषेतला जोडीदार शोधायचा. नाही सापडला तर तसं लिहायचं, जोडीदार नाही. वाचतानाही त्यांची एकच अट. बोट ओळीखाली ठेवायचं, आणि काही म्हणायचं असेल तर ते कुठे लिहिलंय ते दाखवायचं. "मला वाटतं" म्हणणाऱ्याला त्या खाली बसवत. सुरुवातीला आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. बाजारात कोणी महाग भाव सांगितला की पोरं विचारायची, कुठे लिहिलंय?

त्या दिवशी मी उभी राहिले आणि सरवा म्हटलं. मागून कोणीतरी खुसखुसलं.

कोण बोलतं, असं बू रत्मींनी विचारलं. ज्यांना कापायला उतरू दिलं नाही ते, असं मी सांगितलं. हातात काय असतं? काही नसतं, नुसता ओचा. कोणासमोर बोलत नाही? मला उत्तर माहीत होतं, पण लुराची पुतणी दुसऱ्या बाकावर बसलेली होती. तरी मी सांगितलं. शेताच्या धन्यासमोर बोलत नाहीत. तो आला तर आम्ही बदकांसाठी गोगलगाई वेचतोय, असं सांगतात.

आता कोणी हसलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांनी काल गोगलगाईच वेचल्या होत्या. बू रत्मींनी फळ्यावर शब्द लिहिला, त्यापुढे तीन उत्तरं लिहिली आणि पुस्तकातला जोडीदार शोधायला सांगितलं. आम्ही तासभर शोधला. "गोळा करणे" चालेना, "उरलेले" चालेना. शेवटी जोडीदार नाही असं लिहिलं. तास संपल्यावर त्यांनी फळा पुसला नाही, तसाच ठेवला.

तिथून गोष्ट लुराच्या घरी गेली.

चार दिवसांनी मुख्याध्यापक पाक मुर्योनो वर्गात आले. ते वाईट नव्हते. ऑफिसात पिंजऱ्यात एक कवडा पाळला होता आणि त्याला मुलांपेक्षा जास्त जपत, एवढंच. वरून पर्यवेक्षक येणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. पाक लुरा शाळा समितीचे प्रमुख म्हणून हजर राहतील. पर्यवेक्षकांसमोर पुस्तकातला "कापणीचा दिवस" हा उतारा वाचायचा आणि त्याखालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. उत्तर त्यांनी तिथेच लिहून दिलं. उतारा वाचायला आणि उत्तर द्यायला पोनिरा उभी राहील, म्हणजे मी, कारण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

उतारा लहानसाच होता. मला अजून पाठ आहे.

"सकाळच्या दवात सोनेरी भात चमकत होते. गावातल्या स्त्रिया हसतमुखाने पीक कापत होत्या. बांधावर उभा असलेला धनी त्यांच्याकडे मायेने पाहत होता. सायंकाळी प्रत्येकीला आपला वाटा मिळाला आणि त्या गाणी गात घरी परतल्या."

प्रश्न होता, गावातल्या स्त्रिया कशा आहेत? लिहून दिलेलं उत्तर असं : गावातल्या स्त्रिया आनंदी व समाधानी आहेत, कारण त्यांचा धनी प्रेमळ आहे.

बू रत्मींनी दुसऱ्या दिवशी तो उतारा काढला. आम्हाला वाटलं, त्या उत्तर खोडून काढतील. त्यांनी खोडलं नाही. त्यांनी विचारलं, आनंदी कुठे लिहिलंय? एकानं बोट ठेवलं : हसतमुखाने. प्रेमळ कुठे आहे? मायेने. बू रत्मी पुस्तकावर वाकल्या आणि म्हणाल्या की इथे काहीतरी आहे, पण मला ते नीट दिसत नाही. शिक्षिकेनं असं म्हणताना आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. हा उतारा घरी ज्याला वाचता येत नाही त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

आई आणि मावशी परसात बसून वेचलेलं भात सुपात घोळत होत्या. ऊन कलतीला लागलं होतं. मी एकेक ओळ वाचायची आणि जावानीजमध्ये सांगायची.

पहिल्याच ओळीला मावशी हसली. "दवात? दवात कापलेली जुडी आठ दिवसांत बुरसते. ह्याच्या घरचा भात खाऊन बघितला पाहिजे."

सकाळी लवकर जागा धरायला जायचं असतं, पण पात चालवायची ती दव उतरल्यावर, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. वाट्याच्या ओळीला ती पुन्हा हसली, पण या वेळी हसणं कोरडं होतं.

आईनं मात्र सूप खाली ठेवलं आणि मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मग विचारलं, "हा माणूस उभा कुठे आहे?"

धनी बांधावर उभा आहे, तसं लिहिलंय, असं मी सांगितलं.

"धनी नाही. सांगणारा."

मी उतारा वरून खाली पाहिला. सांगणारा कुठेच नव्हता. मी तसं म्हटलं.

"असणार," आई म्हणाली. "त्याला धन्याचे डोळे दिसताहेत. डोळ्यांतली माया दिसतेय. म्हणजे तो धन्याच्या शेजारी उभा आहे. बांधावर."

ती उठली. परसाच्या मधोमध गेली, माझ्याकडे पाठ फिरवून वाकली आणि रिकाम्या मुठीनं कापायला लागली. दोन बोटं पुढे, ओढून घेतलं, टेकवलं, मागे डाव्या काखेत. मला तिची पाठ दिसत होती. पोलक्याची उसवलेली शिवण, घामाची पांढरी रेघ, मानेवरचा हाडाचा उंचवटा. ती तशीच वाकून म्हणाली, "माझं तोंड दिसतंय का?"

"नाही."

"मी हसतेय की रडतेय?"

मावशी सुपात हात घालून बसून राहिली होती. आई सरळ झाली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच थांबली, आणि पुन्हा येऊन तिनं सूप हातात घेतलं.

सकाळी शाळा भरायच्या आधीच मी बू रत्मींना ते सांगितलं. त्या सायकल पुसत होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं, पुस्तक मागितलं आणि उभ्या उभ्या उतारा वाचला. नंतर माझ्याकडे पाहून म्हणाल्या की मी पाच वर्षं हा उतारा शिकवतेय. एवढंच.

पाक मुर्योनोंनी मला त्याच दिवशी ऑफिसात बोलावलं. टेबलाचा खण उघडून त्यांनी एक पत्र दाखवलं. शिक्षक प्रशिक्षण शाळेत मला घ्यावं म्हणून त्यांनी ते टाइप करून ठेवलं होतं, फक्त सही आणि शिक्का बाकी होता. आमच्या गावातून त्या शाळेत एकही मुलगी गेली नव्हती. तिथे शिकणाऱ्यांना राहायला जागा मिळे, जेवण मिळे आणि तीन वर्षांनी पक्की नोकरी. मी रोज झोपताना त्या शाळेचा विचार करत होते. ते हळू आवाजात म्हणाले, की तुझ्या घरावर आधीच एक डाग आहे, तुला ठाऊक आहे. अशा घरातल्या मुलीसाठी पत्र द्यायचं तर पाक लुराची संमती लागते. ती त्यांनी दिली आहे. उत्तर नीट दे, बाकी मी पाहतो.

डाग म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. घरात त्यावर बोलत नसत.

मी बू रत्मींना जाऊन विचारलं, काय सांगू? त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. त्यांचीही नोकरी होती. मग म्हणाल्या, "काय सांगायचं ते मी सांगणार नाही. तू जे सांगशील ते कुठे लिहिलंय, एवढं मी विचारेन. दोन्ही उत्तरांना विचारेन."

पर्यवेक्षक आले त्या दिवशी शाळेत केळीचे खांब बांधले होते. गावातल्या बायकांना मागे स्वयंपाकाला बोलावलं होतं, त्यांत आई आणि मावशीही होत्या. बांबूच्या भिंतीपलीकडे मिरच्या वाटल्याचा आवाज येत होता आणि आतल्या सगळ्यांना शिंका येत होत्या. पर्यवेक्षक म्हातारेसे, जाड चष्म्याचे. त्यांच्या शेजारी पाक लुरा, इस्त्रीचा सदरा, हातात पंखा. पाक मुर्योनो उभेच.

मी उतारा वाचला. आवाज चांगला लागला. पर्यवेक्षकांनी मान हलवली आणि प्रश्न वाचला, गावातल्या स्त्रिया कशा आहेत?

पाठ केलेलं उत्तर तोंडात तयार होतं. पहिला शब्द जिभेवर आला होता. बू रत्मी खिडकीपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. भिंतीपलीकडे पाटा-वरवंटा चालू होता, आणि तो कोणाचा ते मला आवाजावरून कळत होतं, कारण त्या हाताची दोन बोटं वरवंट्याला नीट धरत नसत, दर फेरीला एक ठेच लागे.

मी म्हटलं, "ते उताऱ्यात लिहिलेलं नाही."

पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. हसतमुखाने असा शब्द आहे ना, असं त्यांनी विचारलं.

"आहे. पण सांगणारा बांधावर उभा आहे. कापताना बायका वाकलेल्या असतात. बांधावरून त्यांच्या पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. त्यानं हसू पाहिलेलं नाही. आणि दवात आमच्याकडे कापत नाहीत, म्हणून मला वाटतं... म्हणून तो कापणीच्या वेळी तिथे नव्हताच."

"मग त्या आनंदी आहेत की दुःखी?"

"ते कळत नाही. त्यानं विचारलेलं नाही."

वरवंटा थांबला होता. पाक लुरा मोठ्यानं हसला, मग त्याच्याकडे पाहून पाक मुर्योनो हसले, मग मुलंही हसली. पर्यवेक्षक हसले नाहीत. त्यांनी मला हे कोणी सांगितलं असं विचारलं. आईनं, असं मी सांगितलं. आई कुठे शिकली? कुठे नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, काय ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि पुढच्या वर्गाकडे निघाले. जाताना पाक लुरा माझ्या बाकापाशी थांबला आणि पंख्याच्या दांड्यानं पुस्तक बंद केलं.

भिंतीपलीकडे पुन्हा मिरची वाटायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी आईला ऑफिसात बोलावणं आलं. आत पाक लुरा खुर्चीवर, पाक मुर्योनो खुर्चीवर, बू रत्मी कपाटाला टेकून उभ्या. तिसरी खुर्ची रिकामी होती, पण आईला कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून ती जमिनीवर पाय मुडपून बसली. मी तिच्या मागे. पिंजऱ्यातला कवडा घुमत होता.

टेबलावर एक टाइप केलेला कागद आणि शाईची डबी होती. पाक मुर्योनोंनी गोड आवाजात समजावलं. मुलीच्या हातून चूक झाली, वय लहान आहे, पाक लुरा मोठ्या मनाचे आहेत. या कागदावर मुलीची सही आणि आईचा अंगठा झाला की प्रकरण मिटलं. त्यांनी खणातलं पत्रही बाहेर काढून शेजारी ठेवलं, शिक्का मारलेलं. दोन कागद शेजारी शेजारी.

"नुसता अंगठा आहे," ते म्हणाले.

आईनं टेबलाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "वाच."

वाचायची गरज नाही, असं पाक लुरा म्हणाला. आईनं मान खाली घालून, अतिशय अदबीनं, माफी मागून सांगितलं की मला अक्षर येत नाही, पोरीनं वाचलं तर बरं होईल. आमच्या भाषेत थोरांशी बोलायचे शब्दच निराळे असतात. एक चुकला तरी तो अपमान होतो. त्या दिवशी आईनं त्यातला एकही चुकवला नाही.

मी कागद घेतला, बोट ओळीखाली ठेवलं आणि जावानीजमध्ये सांगत वाचलं. मी, खाली सही करणारी पोनिरा, कबूल करते की काल पर्यवेक्षकांसमोर दिलेलं माझं उत्तर खोटं होतं. असं बोलायला मला माझ्या शिक्षिकेनं शिकवलं. मी पाक लुरांची क्षमा मागते.

"हे कोण बोलतंय?" आईनं विचारलं.

"मी."

"तू बोललीस?"

"नाही."

"मग तुझ्या तोंडात कोणाचा हात आहे?"

पाक लुरानं खुर्ची सरकवली. बू रत्मी कपाटापासून पुढे आल्या. "तिनं जे सांगितलं ते मी शिकवलेलं नाही, पाक. शिकवलं असतं तर मला अभिमान वाटला असता. मला ते दिसलंच नव्हतं. तिच्या आईला दिसलं."

पाक लुरा आईकडे वाकला. धन्याविरुद्ध असलं बोलणं गावात एकदा झालं होतं, त्याचं काय झालं ते तू विसरली नसशील, असं तो म्हणाला. पोरीचं भलं कर, अंगठा दे, घरी जा.

आई जमिनीवरून उठली. थोरांसमोर, ते बसलेले असताना, आमच्याकडे असं उभं राहत नाहीत. ती उभी राहिली, आणि आवाज मात्र तसाच खाली, शब्द तसेच अदबीचे.

"विसरले नाही," ती म्हणाली. "हिच्या बापानंही नुसता अंगठा दिला होता. कुदळीचं पातं मिळणार आहे, नाव लिहा, असं सांगितलं होतं. त्या ओळीत गावातले चाळीसजण उभे होते. वर काय लिहिलंय ते एकालाही वाचता येत नव्हतं. पातं मिळालं. वर्षभरानं त्याच यादीवरून, लाल पक्षाचे म्हणून, शिपायांनी त्यांना ट्रकमध्ये चढवलं. एकही परत आला नाही. दहा वर्षं झाली. वर काय लिहिलं होतं ते मला अजून कोणी वाचून दाखवलेलं नाही. आपण तेव्हा तिथे होता, पाक लुरा. आपल्याला आठवत असेल. वाचून दाखवता का?"

पाक मुर्योनो शाईच्या डबीचं झाकण लावत होते आणि ते लागत नव्हतं. पाक लुराचा चेहरा मी नीट पाहिला, समोरून पाहिला. त्याला ओरडता येत नव्हतं, कारण ओरडण्यासारखा एकही शब्द आईनं वापरला नव्हता.

"नाही ना," आई म्हणाली. "मग ज्या कागदातलं आम्हाला सगळं कळलं, त्यावर तर मी अंगठा देणारच नाही. आपण परवानगी द्यावी. सुपात भात तसंच टाकून आलेय."

तिनं वाकून नमस्कार केला आणि माझा हात धरला. मी कागद टेबलावर ठेवला. शिक्का मारलेलं पत्र शेजारीच होतं. माझं नाव त्यावर किती छान टाइप केलं होतं ते मला दिसलं. पाक मुर्योनोंनी ते उचललं, घडी घातली आणि खणात टाकलं.

ते पत्र मला कधी मिळालं नाही. मी शिक्षिका झाले नाही. चार वर्षं वीटभट्टीवर काढली, नंतर चाळीस वर्षं बाजारात आंबवलेल्या सोयाबीनचं टेंपे विकलं. बू रत्मींची बदली झाली, पण ती वर्ष संपल्यावर, आणि तोवर त्यांनी एकही तास चुकवला नाही.

त्या दिवशी मात्र हे काही ठाऊक नव्हतं. ऊन चढलं होतं. आम्ही पाटाच्या बांधावरून घरी निघालो, आई पुढे, मी मागे. मी रडत होते आणि तिला कळू नये म्हणून नाक ओढत नव्हते. कापलेल्या शेतात लेगिया मावशी आणि दोघी-तिघी वाकून वेचत होत्या. मावशीनं वर पाहून हातानंच विचारलं, काय झालं? आईनं दोन्ही अंगठे वर करून तिला दाखवले. कोरे. मावशीनं तिथूनच कमरेवर हात ठेवून दोन पावलं नाच केला आणि पुन्हा वाकली.

थोडं पुढे गेल्यावर आईनं मागे न पाहता विचारलं, "पुस्तकात पुढचा धडा कसला आहे?"

मी डोळे पुसले. समुद्राचा आहे, असं सांगितलं. एक कोळी वादळातून परत येतो.

आम्ही दोघींनीही समुद्र पाहिला नव्हता.

"पोन वाराच्या बाजाराला किनाऱ्याकडची मासळीवाली येते," आई म्हणाली. "तिचा माल संपेपर्यंत थांब. मग तिला सावलीत बसव आणि सगळा धडा वाचून दाखव. ती हसली, तर कुठल्या ओळीला हसली ते लिहून घे."